अपघात फाशावर सोडू नका

प्रश्न: मी भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशिननं पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, सेफ्टी आणि ट्रेनिंग बघतो. ८०-९० माणसं आहेत, निम्म्याहून जास्त कॉन्ट्रॅक्टवरची, कुणी लातूर-नांदेडचं, कुणी बिहार-ओडिशाचं. पॉवरपॉइंट लावला की मागच्या दोन रांगा झोपतात. गेल्या वर्षी हाताला लागल्याच्या ३ केसेस झाल्या, तिन्ही वेळा अडकलेला जॉब काढताना (जॉब म्हणजे प्रेसमधला पार्ट). ४ मार्चपासूनच्या सेफ्टी वीकसाठी साहेब म्हणतात काहीतरी गेम करा. मी सापशिडी काढलीय, हेल्मेट घातलं की शिडी, डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, हात घातला की साप. शिवाय एका एजन्सीनं मोबाइल अ‍ॅपचं कोटेशन दिलंय. सापशिडी छापायला टाकू की अ‍ॅप करून घेऊ?

उत्तर: दोन्ही थांबवा आधी. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे "तिन्ही वेळा अडकलेला जॉब काढताना". तुमचा गेम तिथे आहे. हेल्मेट, बूट, गॉगल हे सगळं या वेळी बाजूला ठेवा, एकाच गेममध्ये सगळं कोंबलं की कुणालाच काही लक्षात राहत नाही.

सापशिडीला माझा विरोध का, तर त्यात खेळणारा काहीच ठरवत नाही, फासा ठरवतो. आपल्या जुन्या मोक्षपटात ते शोभायचं, कवड्या पडतील तसा माणूस सद्गुणाच्या शिडीनं वर आणि दुर्गुणाच्या सापानं खाली. पण प्रेसवरच्या पोराला तुम्ही तोच पट दिलात तर तो काय शिकणार? की हात जायचा असेल तर जातोच. हे तर तो आजही मानतो! तेच त्याच्या मनातून काढायचंय आपल्याला.

म्हणून गेम काढायच्या आधी दोन शिफ्ट नुसते ऑपरेटरच्या शेजारी उभे राहा, त्यातली एक नाइट. वही घेऊन "काय चुकतं" असं विचारू नका, कुणी खरं सांगणार नाही. "जॉब अडकला की तू काय करतोस, दाखव" असं म्हणा आणि किती वेळ लागतो ते बघा. हात घालून काढायला १० सेकंद, हूक नाहीतर मॅग्नेट शोधून आणून काढायला मिनिट-दीड मिनिट, आणि मेन बंद, कुलूप, टॅग, रॅमखाली (वरून खाली येणाऱ्या भागाखाली) सेफ्टी ब्लॉक असं सगळं, म्हणजे पूर्ण लॉकआऊट, नीट केलं तर ५-७ मिनिटं, साधारण असंच काहीतरी तुम्हाला मिळेल. झालं, हाच तुमचा गेम. माणूस वेळ आणि हात यांच्यात रोज जो सौदा करतो तो टेबलावर मांडायचा.

मी तो असा मांडते. ५ जण एका टेबलाला, त्यात एक सुपरवायझर, एक मेंटेनन्सचा फिटर, तिघं ऑपरेटर. तुमच्याच प्रेसचे फोटो चिकटवलेली कार्डं, वाचता न येणाऱ्यालाही कळली पाहिजेत. प्रत्येक कार्डावर खरा प्रसंग, ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) तिरका बसलाय, स्क्रॅप अडकलाय, ट्रक गेटवर उभा आहे आणि ४० नग कमी आहेत. ऑपरेटरनं ठरवायचं की हात, हूक का पूर्ण लॉकआऊट, आणि तेवढा वेळ त्याच्या शिफ्टमधून जातो. एक कार्ड मी मुद्दाम घालतेच, मोटर बंद केलीय पण फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, अजून फिरतंय, कारण मेकॅनिकल प्रेसमध्ये मोटर बंद म्हणजे प्रेस थांबली असं नसतं आणि नव्या माणसाला हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

आता अपघाताचं काय करायचं. एका कापडी पिशवीत २० पांढरे रंगवलेले चिंचोके घ्या. कुणीही हात घालायचा शॉर्टकट मारला की त्याला ताबडतोब वेळ वाचल्याचे पॉइंट मिळतात, पण पिशवीत एक लाल रंगवलेला चिंचोका पडतो, आणि तो बाहेर निघत नाही. प्रत्येक फेरीच्या शेवटी न बघता एक काढायचा, पांढरा आला तर परत टाकायचा आणि पुढे खेळायचं, लाल आला तर सगळ्यांची शिफ्ट तिथेच संपली. म्हणजे नशीब आहेच, पण पिशवी तुम्ही भरलीय! ५ शॉर्टकट झाले की २५ मध्ये ५ लाल, दर फेरीला पाचात एक. आणि तरी बऱ्याचदा पांढराच निघतो, माणसं हसतात, "बघा काही झालं नाही" म्हणतात, आणि हे अगदी शॉप फ्लोरवरच्यासारखंच आहे, १० वर्षं काही होत नाही म्हणून तर हात जातो आत. शिवाय लाल निघतो तेव्हा तो कुणी टाकलेला ते कळत नाही, सुपरवायझरनं "लवकर लवकर" केल्यामुळे टाकलेलाही असू शकतो.

सुपरवायझरला पॉइंट फक्त नगांचे द्या. मग अर्ध्यात भूमिका बदला, ऑपरेटरला सुपरवायझर करा. तोच पोरगा दोन मिनिटांत दुसऱ्याला घाई करायला लागतो आणि स्वतःच थबकतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

खेळ २० मिनिटं चालला तर पुढच्या गप्पा ४० मिनिटं चालायला हव्यात. ह्यात कंजूषी करू नका, शिकणं तिथेच होतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातला बिअर गेम बघा, १९६० च्या सुमाराला जे फॉरेस्टर यांच्या गटानं काढलेला, दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर आणि कारखाना अशी चार माणसं. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच ४ पेट्यांवरून ८ वर जाते आणि तिथेच राहते, तरी वरच्या टोकाला ऑर्डरी वेड्यावाकड्या उसळतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याला शिव्या देतो. खेळ संपल्यावर आलेख भिंतीवर लावून मागणीचा खरा आकडा दाखवतात तेव्हा समजतं की माणूस वाईट नव्हता, साखळीच तशी होती. तेवढ्या क्षणासाठी सगळा खेळ मांडलेला असतो.

एका कारखान्यात आम्ही हा चिंचोक्यांचा खेळ खेळलो तेव्हा गप्पांमध्ये एक काका म्हणाले, मॅडम, आम्हाला कुलूप लावायचं असतं हो, पण कुलपं स्टोअरमध्ये आणि रात्री स्टोअर बंद. सगळे गप्प झाले. दोन वर्षं तिथे लॉकआऊटचं ट्रेनिंग चालू होतं! दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक प्रेसच्या खांबावर कुलूप, टॅग आणि हूक लटकवला. त्यामुळे साहेबांना आधीच सांगून ठेवा की गेममधून तुमच्याकडेच कामं येतील, आणि ती करायची तयारी नसेल तर गेम खेळू नका, माणसांचा विश्वास जातो.

अ‍ॅपचं कोटेशन फाडू नका, पण पहिले तीन खेळ पुठ्ठ्यावरच होऊ द्या. जेवणाच्या सुट्टीनंतर चार ऑपरेटर बसवा, कुठे अडतात, कुठे कंटाळतात, कुठला नियम त्यांना खोटा वाटतो ते बघून कार्डं बदला, पेननं खोडलं की झालं. अ‍ॅपमध्ये तोच बदल करायला एजन्सी पंधरा दिवस आणि वेगळे पैसे मागेल. आणि कुणाचे किती पॉइंट ते नाव घालून नोटीस बोर्डावर लावू नका, कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस घाबरून नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, लपवेल. गेमनंतर महिनाभरानं नियर मिसचे रिपोर्ट वाढले तर खूश व्हा, माणसं बोलायला लागलीयत. त्याबरोबर फ्लोरवर उभं राहून मोजा, १० वेळा जॉब अडकला तर हूक किती वेळा निघाला.

प्रश्न: कोल्हापूरला एका हॉस्पिटलमध्ये मी नवीन सिस्टरना ट्रेनिंग देते. हात धुण्यावर क्विझचा गेम केला, सगळ्यांना १० पैकी १०, आणि वॉर्डात पुन्हा जैसे थे. काय चुकतंय?

उत्तर: त्यांना माहीत नाही असं नाहीच, त्यामुळे क्विझनं काही होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ५ वेळा त्यांना पाठ आहेत, पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर, निर्जंतुक कामाच्या आधी, रक्त-स्रावांशी संपर्क आल्यावर, आणि पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. ही शेवटची घाईत निसटते, कारण पेशंटला तर हात लावलेलाच नसतो ना, नुसता बेडचा कठडा सरकवलेला असतो.

तेव्हा घाईच गेममध्ये आणा. ३ रिकामे बेड, एक सिस्टर, ६ मिनिटं आणि ७ कामं. तुम्ही नातेवाईक होऊन "सिस्टर, सलाइन संपत आलं" म्हणून हाका मारा, मध्येच फोन वाजवा. कठड्याला, सलाइनच्या स्टँडला आधीच अल्ट्राव्हायोलेट टॉर्चमध्ये चमकणारी जेल लावून ठेवा. शेवटी लाइट बंद करून टॉर्च मारा, ती जेल कुठे कुठे पोचली ते त्यांनाच शोधू द्या, पुढच्या बेडची उशी, पेन, स्वतःचा मोबाइल. हँडरबला, म्हणजे हातावर सॅनिटायझर चोळायला, २० ते ३० सेकंद लागतात, ते ६ मिनिटांत कुठे बसवायचे हे मग त्यांनाच ठरवू द्या आणि लगेच दुसऱ्यांदा खेळा. बाटली बेडपासून लांब आहे असं कुणीतरी म्हणेलच, ते लिहून घ्या आणि त्याच दिवशी मेट्रनना दाखवा.