आजोबांची पलटण शोधताय? आधी माळ्यावरची ट्रंक उतरवा

नुसत्या 'आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते' एवढ्यावर काही हाती लागत नाही. दोनच गोष्टी हुडका: आर्मी नंबर आणि पलटण. डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं बुक, आजीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची कागदपत्रं बघा. मी दोन वर्षं आडनावावरून शोधत बसलो, चार स्पेलिंगं करून. शेवटी नंबर सापडला तो आजोबांच्या फोटोच्या पाठीवर, पेन्सिलीनं लिहिलेला!

पदकं असतील तर फितीचे रंग नीट बघा. लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल असे पट्टे म्हणजे इटली स्टार हे पदक. म्हणजे आजोबा बहुधा इटलीत होते, जिथं मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांना 1944 च्या लढाईत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. (फीत धुऊ नका हो, आमच्याकडे कुणीतरी धुतली आणि रंग गेले.)

नंबर हाती आला की पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा: मराठा पलटण असेल तर बेळगाव, महार पलटण असेल तर मध्य प्रदेशातलं सागर. बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्करातले इंजिनिअर, असतील तर आपल्या पुण्यातच, खडकीला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज कसा करायचा ते विचारा.

खडकीच्या युद्ध स्मशानभूमीतली नावं बघायला सगळेच धावतात. तिथं फक्त युद्धकाळात गेलेल्यांची नोंद आहे. आजोबा घरी परतले असतील तर तिथं सापडायचे नाहीत. पलटणीच्या रोजनिशा मात्र लंडनमधल्या क्यू भागातल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यात साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण त्या दिवशी पलटण कुठं होती ते कळतं.