दक्षिण अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या संग्रहालयीन नोंदी जीबीआयएफ या जीवांच्या नोंदींच्या जागतिक ऑनलाइन साठ्यावरून उतरवून थेट नकाशा काढला तर चालेल का?

नाही चालणार.

मी दोन वर्षं एका परदेशी संग्रहालयात हेच काम केलंय: जुन्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि अक्षांश-रेखांश भरायचे. एकदा हातात आलेल्या बरणीवर माशाचं फक्त कुळ लिहिलेलं आणि ठिकाण ‘रिओ नेग्रो’. बस. तारीख नाही, गोळा करणाऱ्याचं नाव नाही. आपल्याकडे वडगाव किती, तशा तिकडे रिओ नेग्रो. एक अ‍ॅमेझॉनला मिळणारी, दोन हजार किलोमीटरहून लांब. एक उरुग्वेत. एक पार खाली अर्जेंटिनाच्या पाटागोनियात. मी रकाना रिकामा ठेवला. वरिष्ठ म्हणाले, रिकामे रकाने अहवालात वाईट दिसतात, ब्राझीलमधल्या नदीचा मधला बिंदू टाक. मी नोकरीत नवी, टाकला. अनिश्चितता किती मीटर, म्हणजे बिंदू किती चुकलेला असू शकतो, तो रकाना मात्र कोराच राहिला.

चार वर्षांनी एका पाहुण्या संशोधकाने ती बरणी उघडली. आत पेहेर्रेय, म्हणजे ओडोन्टेस्थेस, दक्षिणेकडच्या थंड पाण्यातला मासा. तोवर माझा तो बिंदू एका प्रबंधाच्या नकाशावर अ‍ॅमेझॉनच्या जंगलात जाऊन बसला होता. नोंदीत ‘बिंदू कुणी ठरवला’ इथे नाव माझं. वरिष्ठांचं कुठेच नाही.

म्हणून सांगते, आधी लेबलवरचा मूळ मजकूर उतरवून घ्या, बिंदू नंतर. ‘पारा’ दिसलं (थर्मामीटरमधला नव्हे) की थांबा, ते राज्यही आहे आणि बेलेम शहराचं जुनं नावही. निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासीच्या 1865-66 च्या ब्राझीलमधल्या थेयर मोहिमेचे मासे हार्वर्डला आहेत. ती मोहीम कुठे कुठे थांबली याचा उलगडा करायला 1977 मध्ये वेगळा लेख लिहावा लागला, यावरून काय ते समजा. मत्स्यतज्ज्ञ आयगेनमनने 1908 मध्ये ब्रिटिश गयानातून (आजचा गयाना) आणलेले मासे आधी कार्नेगी संग्रहालयात होते, मग शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये गेले. क्रमांक बदलले. एकच बरणी दोनदा मोजाल. आणि एका क्रमांकाखाली एकच मासा असतो असंही नाही, चाळीस असतात आणि त्यांत कधी दोन जाती निघतात.

हां, जीपीएस घेऊन गेलेल्या अलीकडच्या मोहिमांच्या नोंदी बऱ्याच बऱ्या असतात. तुमचा प्रश्न फक्त ‘हे कुळ या देशात आहे का’ इतकाच असेल, तर एवढा त्रासही नको. किती टक्के नोंदी गाळाव्या लागतील ते तुमच्या कुळावर अवलंबून आहे, ते मी इथून कसं सांगू?

पण अनिश्चिततेचा रकाना कोरा असेल तर ती नोंद गाळा. तुमचे गाइड म्हणतील, नमुने कमी पडतात. पडू देत. मी तेव्हा वरिष्ठांना तोंडी सांगितलं होतं, लेखी द्यायला हवं होतं. तुम्ही गाइडना ईमेल करा. त्या बरणीचा क्रमांक मला अजून पाठ आहे, आणि नोंद दुरुस्त करा म्हणून मी तीनदा कळवलंय. मागच्या महिन्यात पाहिलं, बिंदू तिथेच आहे.