2 वर्षांच्या मुलाला सर्दीसाठी मेडिकलमधून सिरप आणून दिलं तर चालेल का? किती एमएल द्यावं?

ताई, एमएल मी सांगणार नाही. 2 वर्षांच्या पोराला ते मिक्स सर्दीचं औषध देऊच नका. एवढंच लिहून थांबणार होतो, पण तुम्ही पुढे लिहिलंय ना, 'मेडिकलवाले ओळखीचेच आहेत', तिथं माझं डोकं सटकलं. आमचाही ओळखीचाच होता. सख्खा साडू.

2018 चा डिसेंबर. चोपडा तालुक्यात आमचं गाव. भाव नव्हता म्हणून कापूस विकला नव्हता, मधल्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेला आणि त्याला लागूनच आमचं अंथरूण. मुलगी 14 महिन्यांची, 9 किलोची. नाक असं चोंदलेलं की दूध प्यायला तोंड लावायची, दोन घोट घ्यायची आणि सोडून रडायची. अंगही गरम. साडूला फोन लावला. त्याने आमच्याकडे येणाऱ्या काळीपिवळीवाल्याजवळ दोन बाटल्या पाठवल्या, एक तापाचे थेंब, एक सर्दीचे. फोनवर म्हणाला, "काही व्हत नही भो, दि टाक."

रात्री 9 ला दोन्ही दिले. तापाचे सव्वा एमएल, सर्दीचे 1 एमएल. 2 वाजता परत तेवढेच. आणि झोपली की हो पोरगी! मी वर बायकोला ऐकवलं, बघ, उगाच डॉक्टरच्या दारात तीन तास बसलो असतो. सकाळचे 8 वाजले तरी उठेना. उचलली तर मान खांद्यावर टाकून दिली, डोळे अर्धे उघडायची, परत मिटायची. गाडी काढली. विदगावचा पूल आला, तापी मागे गेली, जळगाव आलं, बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

बालरोगतज्ज्ञांनी तिला तपासलं आणि बाटल्या मागितल्या. निळ्या पेनाने दोन्ही लेबलांवर एकेका शब्दाखाली रेघ मारून माझ्यापुढे धरल्या. दोन्हीकडे पॅरासिटामॉल. तापाच्या बाटलीत 1 एमएलला 100 मिलिग्रॅम, सर्दीच्या बाटलीत 125. "किलोला 15 मिलिग्रॅम धरले तर हिला एका वेळी जास्तीत जास्त 135. तुम्ही 250 दिलेत, तेही दोनदा. म्हणजे एका रात्रीत मोठ्या माणसाची आख्खी गोळी." गुंगी मात्र पॅरासिटामॉलची नव्हती, ती सर्दीच्या बाटलीतल्या क्लोरफेनिरामाइनची. मोठा माणूस ते घेऊन पेंगतो, हिचं काय होणार! एक दिवस ठेवून घेतलं, लिव्हरची तपासणी केली, ती नीट आली. दुपारी तिने माझ्या हातातल्या बिस्किटाकडे हात केला तेव्हा मी जिन्यात जाऊन रडलो. मी रडलो हे साडूला अजून माहीत नाही.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, घरात कापूस भरलाय का? पोरीच्या स्वेटरला रुई चिकटलेली दिसली त्यांना. त्याच रात्री अंथरूण पुढच्या खोलीत आणलं, चार दिवसांत नाक मोकळं. सर्दी तशीही आठवडा-दहा दिवसांत जातेच म्हणा, पण निम्मं नाक त्या कापसानंच बंद होतं असं माझं ठाम मत आहे.

साडूचं म्हणणं, बाटलीवर लिहिलेलं असतं, तू वाचलं नाहीस. अरे, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात लिहिलेलं! डी.फार्म. तू केलंस की मी? दोन बाटल्यांत एकच औषध आहे हे तू सांगायचं की मी ओळखायचं? पाच वर्षं प्रत्येक लग्नात हे भांडण झालं. मग डिसेंबर 2023 मध्ये औषध महानियंत्रकांचा आदेश आला, की क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करायचं औषध) यांचं मिश्रण 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं लेबलवर छापा. मी ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकली. साडूचा नुसता अंगठा.

ऑक्टोबर 2025 मध्ये छिंदवाड्याकडे खोकल्याचं सिरप पिऊन वीसहून जास्त लेकरं गेली, तेव्हा परत टाकली. या वेळी तो बोलला: ते डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाच्या भेसळीचं प्रकरण, त्यात किडन्या गेल्या, तुझ्या पोरीचं वेगळं. खरंय त्याचं, मान्य. पण तेव्हाच केंद्राने सांगितलं की 2 वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका आणि 5 वर्षांखालीही सहसा नकोत. ते काही फक्त भेसळीच्या बाटलीबद्दल नव्हतं. शुद्ध औषधानेही एवढ्या लहान मुलांची सर्दी लवकर बरी होत नाही, त्रास तेवढा होतो.

तुमच्या मुलासाठी सलाईनचे नाकाचे थेंब आणा, साधं मिठाचं पाणी असतं ते. जेवायच्या आणि झोपायच्या आधी घाला, दोन मिनिटांनी नाक पुसा. खोकल्याला रात्री अर्धा चमचा मध. ताप असला तरच पॅरासिटामॉल, वजनावरून, बाटलीसोबतच्या मापानेच. थेंब आणि सिरप यांचं माप एक नसतं, हे विसरू नका. गळ्यात कापराची पुडी कोणी बांधली तर सोडून टाका, पोरं ती तोंडात घालतात आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात.

मध 1 वर्षाखालच्या बाळाला अजिबात नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. आणि तो झोपलेला असताना सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 40 किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडत असला किंवा तो पाणीही पीत नसला, तर हे उत्तर वाचत बसू नका, दवाखाना गाठा. मी डॉक्टर नाही, केळी-कापसाचा शेतकरी आहे. तुमच्या डॉक्टरांनी मुलाला बघून काही लिहून दिलं असेल तर त्यांचं ऐका.

साडूच्या दुकानात हल्ली सलाईनचे थेंब काउंटरवर समोरच ठेवलेले असतात. ते माझ्यामुळे, हे तो कबूल करत नाही.