सेवा सोडली ती नम्रतेनं की रागानं?

प्रिय ताई,

जय ख्रिस्त. मी बरीच वर्षं आमच्या मंडळीत संडे स्कूल घेत होते. गोष्ट सांगणं, नाताळची नाटिका लिहिणं, मुलांकडून गाणी बसवून घेणं मला सहज जमतं. लोक कौतुकही करायचे. गेल्या वर्षी कमिटीतल्या एकांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाईंना पुढे पुढे करायची फार हौस आहे." ते फार लागलं. प्रार्थना केली, स्वतःला तपासलं, आणि पटलं की खरंच माझ्यात गर्व आहे. म्हणून नम्रपणे बाजूला झाले. आता एक तरुण मुलगी वर्ग घेते. ती प्रेमळ आहे, पण तिला गोष्ट रंगवता येत नाही. मुलं कमी झालीत. पालक मला फोन करून म्हणतात, "तुमच्यासारखं कुणी नाही." आणि ताई, खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटतं. मग रात्री स्वतःचीच लाज वाटते. परत गेले तर गर्व, नाही गेले तर देवानं दिलेलं दान पुरून ठेवल्याचं पाप. काय करू? यंदाच्या नाताळसाठी एक नाटिका लिहून ठेवली आहे. ती नाव न घालता देऊ का?

– एक भगिनी

प्रिय भगिनी,

"ते ऐकून मला बरं वाटतं" हे वाक्य तुम्ही लिहिलंत आणि खोडलं नाहीत, म्हणून तुमच्याशी मोकळेपणानं बोलता येईल असं वाटतं. तेव्हा आधी जरा कडू बोलते.

तुम्ही नम्रतेपायी बाजूला झाला नाहीत. तुम्ही रागावून उठलात आणि त्या रागाला नम्रता असं नाव दिलंत. पत्र पुन्हा वाचून बघा. मुलं त्यात दोनदा येतात. एकदा तुमची गाणी म्हणायला, आणि एकदा कमी व्हायला. त्यांचं काय होतंय, त्यांना काय हवंय, त्यांतलं कोण येईनासं झालं, याबद्दल एक ओळ नाही. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत प्रश्न एकच आहे: माझ्यात गर्व आहे की नाही? सेवा करतानाही डोळा स्वतःवर होता, सोडल्यावरही तो तिथंच आहे.

कमिटीतल्या गृहस्थांचं मी समर्थन करत नाही. भावाचं चुकलं तर त्याला एकांतात गाठून सांगा, असं प्रभूनं मत्तयाच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात, स्पष्ट सांगितलंय. चारचौघांत टोमणा मारणं त्यात बसत नाही. पण पद्धत चुकली म्हणून बोलणं सगळंच खोटं ठरत नाही, आणि हे तुम्हालाही कळलंय. हौस होती. असू दे. ज्याला गोष्ट सांगता येते त्याला ऐकणारे हवेसे वाटणारच.

आता दान पुरण्याबद्दल. मत्तय २५मधला दाखला तुम्ही वर्गात मुलांना अनेकदा सांगितला असेल: धनी परगावी जाताना तीन चाकरांकडे पाच, दोन आणि एक तालांत इतका पैसा सोपवतो, दोघे तो वाढवतात आणि तिसरा पुरून ठेवतो. म्हणून फक्त दोन गोष्टींकडे लक्ष वेधते. एक, ज्याला सगळ्यांत कमी मिळालं त्यालाही मिळालेलं काही थोडकं नव्हतं. त्या काळच्या हिशेबानं एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वीसएक वर्षांची कमाई धन्यानं एकाच्या हातावर ठेवली! दोन, पाचवाल्याला आणि दोनवाल्याला मिळालेली शाबासकी शब्दशः एकच आहे. धन्यानं दोघांची तुलना केलीच नाही. तुलना तुमचे पालक फोनवर करतात, आणि तुम्ही ती ऐकता.

आणि तिसऱ्यानं का पुरलं? त्याचं कारण तोच सांगतो: मी भ्यालो. तुम्हीही भ्यायला आहात, पुन्हा कुणी बोलेल म्हणून. मात्र "नाही गेले तर पाप" असा जो दोरखंड तुम्ही गळ्याभोवती आवळलाय, तो सोडा. दान पुरणं म्हणजे विशिष्ट वर्गाची विशिष्ट खुर्ची सोडणं नव्हे. खुर्ची मंडळीची आहे. तुमच्याकडे आहे ती गोष्ट सांगण्याची कला, आणि ती खुर्चीशिवायही वापरता येते.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत जास्त खटकलेलं वाक्य वेगळंच आहे. "ती प्रेमळ आहे, पण..." हा "पण" फार महागाचा आहे. करिंथची मंडळी नेमकी कृपादानांवरून, म्हणजे देवानं दिलेल्या गुणांवरून, भांडत होती. कुणाचं दान मोठं, कुणी आधी बोलायचं, कोण दिसतं, कोण दिसत नाही. त्यांना पत्र लिहिताना प्रेषित पौल १२व्या अध्यायात दानांबद्दल बोलतो, १४व्यात पुन्हा दानांबद्दल बोलतो, आणि मधे १३वा घालतो, प्रीतीचा. आपण तो लग्नात वाचतो, नवरानवरीकडे बघून हसतो आणि जेवायला जातो. मुळात तो मायक्रोफोनवरून भांडणाऱ्यांसाठी आहे (तेव्हा मायक्रोफोन नव्हते, भांडण तेच होतं). त्या मुलीकडे जे आहे ते पौलानं मधोमध ठेवलंय. गोष्ट रंगवायला शिकवता येते. प्रेमळपणा कसा शिकवायचा, ते मला तरी माहीत नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की वर्ग परत मागू नका. तिच्याकडे जा.

बायबलच्या निर्गम या पुस्तकातला कारागीर बसालेल आठवा. दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, कामासाठी देवानं त्याला आपल्या आत्म्यानं भरलं. सोनं, रुपं, पितळ, रत्नं, लाकूड, सगळ्यांत हात चालणारा माणूस. त्याच्याबद्दल ३५व्या अध्यायात एक वाक्य आहे, ते पटकन नजरेतून सुटतं. त्याच्या आणि त्याचा जोडीदार अहलियाबच्या मनात देवानं दुसऱ्यांना शिकवायची बुद्धीही घातली. म्हणजे कसब दिलं आणि ते पुढे देण्याची इच्छाही दिली. तुमच्या वर्षांमध्ये तुम्ही किती जणांना गोष्ट सांगायला शिकवलंत? मी विचारतेय, आरोप करत नाहीये. पण तुम्ही उठताच वर्ग कोसळायला लागला, याचा तुम्हाला आनंद झाला, तिथं खरं तर काळजी वाटायला हवी होती. कारभाऱ्यानं बांधलेलं काम तो गेल्यावर उभं राहायला हवं.

तिला भेटाल तेव्हा सल्ले घेऊन जाऊ नका. आधी विचारा: काय जड जातंय? मग गप्प बसून ऐका. तुम्हाला ते अवघड जाईल, बोलता येणाऱ्यांना जातंच. तिनं मागितलं तर एखादी गोष्ट दोघींनी मिळून तयार करा आणि वर्गात तिलाच सांगू द्या. तुम्ही मागच्या बाकावर बसा, किंवा त्या दिवशी जाऊच नका. तिनं नको म्हटलं, तर तेही मान्य करून या. मंडळीत वाचता न येणारे वृद्ध असतील, अंथरुणाला खिळलेले असतील. त्यांना शास्त्रातली गोष्ट वाचून दाखवणारं कुणी येत नाही. तिथं तुमचा आवाज तितकाच लागेल आणि टाळ्या कमी पडतील.

आणि मनातला तो आनंद तिच्याजवळ कबूल करायला जाऊ नका. कबुली देवापुढे द्या. तिला सांगितलंत तर तुमचं मन हलकं होईल आणि तिचं जड. पुढे वर्गातली प्रत्येक रिकामी जागा तिला तुमच्या नजरेतून दिसेल.

हेतू पूर्ण शुद्ध होईपर्यंत थांबायचं का, हा प्रश्न तुमच्या पत्राच्या तळाशी आहे. थांबू नका. पौल तुरुंगात असताना काही जण हेव्यानं, त्याला त्रास व्हावा म्हणून सुवार्ता सांगत होते. फिलिप्पैकरांना तो लिहितो की काही असो, ख्रिस्ताची घोषणा होते आहे आणि त्यात मला आनंद आहे. यावरून हेवा चालतो असा अर्थ कुणी काढू नये. पण आपलं मन धुऊन पांढरंशुभ्र झाल्यावरच देव आपल्याला कामाला लावणार असता, तर मंडळीत एकही काम झालं नसतं.

कौतुक झालं तर "थँक्यू, मुलांना आवडलं ना?" एवढं म्हणा आणि विषय बदला. "नाही हो, मी कोण, मी तर धूळ" असलं लांबण लावू नका. समोरच्याला मग तुमची समजूत घालत आणखी दोनदा कौतुक करावं लागतं. पालकांचा फोन आला, की त्यांना एकच सांगा: "मुलाला पाठवत राहा, आणि वर्गाच्या नव्या ताईंना जाऊन सांगा त्याला काय आवडतं ते." इस्राएल लोकांच्या छावणीत एलदाद आणि मेदाद हे दोघे देवाचा संदेश सांगू लागले, तेव्हा एका तरुणानं धावत जाऊन ते त्यांचा पुढारी मोशे याला सांगितलं, आणि मोशेचा सेवक यहोशवा म्हणाला, त्यांना थांबवा. मोशेनं उलट त्यालाच विचारलं, तू माझ्यासाठी हेवा करतोस का? तुमचे पालकही तुमच्यासाठीच हेवा करताहेत. त्यांना थांबवणं तुमच्या हातात आहे.

राहिली नाटिका. द्या, नावासकट द्या. निनावी दिलीत तर आठवडाभरात सगळ्यांना कळेल कुणाची ते, आणि मग नाटिकेऐवजी तुमच्या नम्रतेचीच चर्चा होईल. दिल्यावर मात्र ती त्या मुलीची. तालमीला बोलावलं तरच जा. तिनं एखादा प्रवेश कापला, तर कापू द्या. बहुधा तुमचा सगळ्यांत आवडता प्रवेशच जाईल.

– ताई