डॉक्टरचं सर्टिफिकेट असलं की आरोपी 'वेडा' म्हणून सुटतो का?

नाही हो, इतकं सोपं नाहीये. पुण्यात आपण कुणालाही येरवड्याला, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात पाठवा म्हणतो (खरं तर असं म्हणणं बंद व्हायला हवं), पण कोर्टाला आजाराच्या नावाशी तेवढं देणंघेणं नसतं. आधी आयपीसी (भारतीय दंड संहिता) कलम ८४ होतं, १ जुलै २०२४ पासून बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम २२, त्यात बघतात काय तर नेमकं गुन्ह्याच्या क्षणी आपण काय करतोय किंवा ते चुकीचंय हे आरोपीला कळत होतं का, आणि ते कळत नव्हतं हे आरोपीनेच सिद्ध करायचं. नंतर कोयता लपवला, पळून गेला, म्हणजे चुकीचंय हे कळत होतं असं दिसतं, मग अवघडच. डॉक्टर लोक तर वेडा म्हणतच नाहीत, स्किझोफ्रेनिया, बायपोलर असं निदान लिहितात, आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की नुसत्या निदानावरून कुणी कायद्याने वेडा ठरत नाही.