साधी कर्बोदकं वाईट आणि जटिल चांगली, हे कितपत खरं आहे?

तुमचा प्रश्न असा आहे: फळांत साधी साखर असते आणि ब्रेडमध्ये जटिल कर्बोदकं, मग फळं सोडून ब्रेड खावा का? नको. शंका मात्र रास्त आहे, कारण गोंधळ या दोन शब्दांनीच घातलाय.

साधं की जटिल, यावरून फक्त रेणूची लांबी कळते. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि गॅलॅक्टोज हे सुटे मणी. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडले की आपली नेहमीची साखर, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज जोडले की दुधातलं लॅक्टोज. ग्लुकोजच्या शेकडो-हजारो मण्यांची माळ म्हणजे स्टार्च. पण माळ लांब आहे म्हणून सावकाश तुटते असं नाही. पांढऱ्या ब्रेडचा तुकडा न गिळता मिनिटभर चघळून बघा, हळूहळू गोडसर लागायला लागेल. लाळेतल्या एन्झाइमने माळ तोडायला तोंडातच सुरुवात केलेली असते. म्हणूनच पांढऱ्या ब्रेडचा ग्लायसेमिक इंडेक्स (पदार्थ खाल्ल्यावर रक्तातलं ग्लुकोज किती वाढतं ते सांगणारा आकडा, शुद्ध ग्लुकोजचा १०० धरून) ७५ च्या आसपास येतो आणि साखरेचा ६५ च्या आसपास. आता यावरून साखर बरी असं समजू नका. तिच्यात अर्धा भाग फ्रुक्टोजचा, आणि ते रक्तातलं ग्लुकोज फारसं वाढवत नाही, त्याचा निचरा मुख्यतः यकृताला करावा लागतो. इंडेक्सच्या आकड्यात ते दिसतच नाही.

खरा फरक पडतो तो पदार्थ किती शाबूत आहे यावर. सफरचंदातली साखर पेशींच्या भिंतींआड असते. चावायला वेळ लागतो, पोट भरतं, साखर टप्प्याटप्प्याने सुटते. त्याच सफरचंदाचा गाळलेला रस काढला की भिंती चोथ्याबरोबर गेल्या, आणि तीन-चार फळांची साखर दोन मिनिटांत पोटात. जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच रसातली आणि मधातली साखर वरून घातलेल्या साखरेबरोबर मोजते, अख्ख्या फळातली आणि दुधातली मोजत नाही. त्यांची मर्यादा एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली आहे. रोजचे २००० उष्मांक धरले तर ५० ग्रॅम, म्हणजे सपाट बारा चमचे. ५ टक्क्यांखाली आणलंत तर आणखी चांगलं.

हीच गोष्ट धान्याची. अख्ख्या गव्हाचं पीठ फार बारीक दळून केलेल्या ब्रेडचा इंडेक्स पांढऱ्या ब्रेडइतकाच भरतो, हे बऱ्याच जणांना पटत नाही. कोंडा पिठात असतो, पण दाणा फुटल्यामुळे स्टार्च उघडा पडलेला असतो. तरी तंतू (फायबर) आणि खनिजांसाठी तो घ्यावाच. रक्तातली साखर सावकाश वाढायला हवी असेल तर मात्र अख्खे किंवा जाडसर भरडलेले दाणे, जाड ओट्स आणि कडधान्यं घ्या. बहुतेक कडधान्यांचा इंडेक्स ४० च्या खालीच असतो.

इंडेक्सचे तक्ते वाचताना एक चूक नेहमी होते. तो आकडा ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील एवढ्या पदार्थाचा असतो. कलिंगड बऱ्याच तक्त्यांत ७० च्या वर दिसतं, पण तेवढी कर्बोदकं मिळायला साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास गर खावा लागेल. एका फोडीला घाबरायचं कारण नाही.

पाकिटावर 'मल्टिग्रेन' किंवा 'ब्राऊन' लिहिलेलं असेल तर तिकडे दुर्लक्ष करा, मागचा तक्ता बघा. धान्याच्या पदार्थात कर्बोदकांना तंतूंनी भागा. उत्तर १० किंवा कमी आलं तर ठीक. कर्बोदकं ७० ग्रॅम आणि तंतू ३ ग्रॅम असतील तर उत्तर २३ येतं, म्हणजे तो मैदाच, रंग कुठलाही असो. 'साखर नाही' असं लिहिलेलं असेल तर घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्च तोडून केलेली पावडर, शोधा. ते बहुतांशी साखरेच्या रकान्यात धरलं जात नाही, पण ग्लुकोज मात्र झपाट्याने वाढवतं.

तंतू रोज निदान २५ ग्रॅम हवेत. आता १२ वर असाल तर एकदम उडी मारू नका, गॅस आणि पोटफुगीने चार दिवसांत सोडून द्याल. दर आठवड्याला ४-५ ग्रॅम वाढवा आणि पाणीही वाढवा. ओट्स, कडधान्यं आणि फळांच्या गरातले विद्राव्य तंतू जेलसारखे होऊन ग्लुकोजचं शोषण मंदावतात; कोंड्यातल्या अविद्राव्य तंतूंचा उपयोग मुख्यतः शौचाला साफ होण्यासाठी.

भात किंवा बटाटा शिजवून थंड केला की थोडा स्टार्च न पचणारा होतो. फायदा खरा पण बेताचा, त्याच्या जिवावर दुप्पट भात खाऊ नका. आणि भात ओट्यावर निववत ठेवू नका, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी) गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कर्बोदकं कमी करू नका. डोस तोच राहिला तर रक्तातली साखर घसरते. अशी घसरली तर १५ ग्रॅम झटपट साखर घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे उशीर होतो. सोबत ॲकार्बोज ही मधुमेहाची दुसरी गोळी चालू असेल तर नेहमीची साखरही लवकर कामाला येत नाही, कारण ती तोडणारं एन्झाइमच त्या गोळीने अडवलेलं असतं. तिथे शुद्ध ग्लुकोजच जवळ ठेवावं लागतं.