सुईवर हात कसा बसतो?

प्रश्न : कोल्हापूरच्या एका केंद्रात माझं आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बाळाचा उपचार) ठरलं आहे. संमतीपत्रात ‘प्रशिक्षणार्थी डॉक्टरांचा सहभाग असू शकतो’ असं वाक्य आहे. म्हणजे माझ्यावर कोणी हात साफ करून घेणार का? नको म्हणता येईल का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : नको म्हणता येतं. तो तुमचा हक्क आहे आणि त्यापायी उपचारांत काही उणं पडता कामा नये. पण हो-नाही ठरवण्याआधी हे शिकणं कसं चालतं ते समजून घ्या.

अंडी काढायची सुई पहिल्याच दिवशी कुणाच्या हातात देत नाहीत. आधी कित्येक आठवडे नुसती सोनोग्राफी करायची. प्रत्येक पुटिकेचे, म्हणजे अंडाशयात अंडं वाढतं त्या द्रवाच्या पिशवीचे, दोन व्यास घ्यायचे, सरासरी काढायची आणि ती वरिष्ठांच्या मापाशी ताडून बघायची. सुईचा सराव जिलेटिनच्या गोळ्यावर होतो, त्यात द्राक्षं किंवा पाण्याचे बारके फुगे बसवलेले असतात. तिथे एकच गोष्ट अंगात मुरवायची असते. सुईचं टोक पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखं चमकतं. तो ठिपका दिसेनासा झाला की हात जागच्या जागी थांबला पाहिजे. ठिपका हरवूनही सुई पुढे रेटणं, ही नवशिक्याची सर्वांत धोक्याची चूक.

दुसरी फसगत रक्तवाहिनीची. अंडाशयाच्या शेजारून मोठ्या रक्तवाहिन्या जातात आणि आडव्या छेदात त्या पुटिकेसारख्याच काळ्या, गोल दिसतात. प्रोब (सोनोग्राफीची दांडी) नव्वद अंशांत फिरवला की पुटिका गोलच राहते, रक्तवाहिनी मात्र नळीसारखी लांबट होते. ही फिरवून बघण्याची सवय लागेपर्यंत कुणालाही सुई टोचू देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

त्यानंतरच प्रत्यक्ष रुग्णावर सुई धरायची संधी येते, तीही सहज हाती लागणाऱ्या अंडाशयाची. वर सरकलेला किंवा चिकटलेला अंडाशय वरिष्ठ स्वतःकडे ठेवतात. सुई साधारण १७ गेजची असते आणि पंपाची ओढ १०० ते १२० मिमी पारा. १८ मिमीच्या पुटिकेत सुमारे ३ मिली द्रव असतो, त्यामुळे किती यायला हवा याचा अंदाज आधीच असतो. कमी आला तर टोक भिंतीला टेकलेलं असतं किंवा सुईत रक्ताची गुठळी अडकलेली असते. सुई किंचित फिरवायची. तरीही द्रव आला नाही तर सुई बाहेर काढून माध्यमाने (अंडी ज्यात ठेवतात त्या द्रवाने) धुऊन घ्यायची. घाईत ओढ वाढवली तर अंड्याभोवतीच्या पेशी निखळतात आणि अंड्याचं कवच तडकू शकतं.

म्हणून केंद्रात तीन गोष्टी विचारा. सुई कोण धरणार? वरिष्ठ शेवटपर्यंत टेबलापाशी असतील का? अडलं तर ते सुई कधी हाती घेतात? यांची सरळ उत्तरं देणाऱ्या केंद्रात प्रशिक्षणार्थी असणं ही भिण्याची गोष्ट नाही.

देवगडहून जाणार आहात म्हणून आणखी एक सांगतो. ट्रिगरच्या, म्हणजे अंडी पक्व करणाऱ्या शेवटच्या, इंजेक्शननंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी अंडी काढतात. सोमवारी रात्री १० ला इंजेक्शन घेतलं तर बुधवारी सकाळी १० च्या आत तुम्ही टेबलावर हव्यात. फार उशीर झाला तर पुटिका आपोआप फुटतात, मग हात कितीही सराईत असला तरी उपयोग नाही. पावसाळ्यात घाटात दरड आली की तासन्‌तास जातात, तेव्हा मंगळवारी संध्याकाळीच कोल्हापूर गाठा.

प्रश्न : मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नुकतंच एमएस झालं. वंध्यत्वोपचार सुरू करायचे आहेत. तीन दिवसांची कार्यशाळा पुरेल का?
– एक डॉक्टर, रत्नागिरी

उत्तर : कार्यशाळेत उपकरणं कळतात, हात बसत नाही. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२२ च्या नियमांत तज्ज्ञाच्या देखरेखीखाली केलेल्या ५० अंडसंकलनांची नोंद मागितली आहे, ती उगाच नाही. सवड असेल तर दोन वर्षांची एफएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची फेलोशिप) करा.

सुरुवात आययूआयपासून, म्हणजे वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडण्यापासून, करा. गर्भाशयमुखाची वळणं, आतल्या तोंडाशी कॅथेटर अडकणं, तो बळ न लावता वळवणं, हे सगळं तिथेच शिकता येतं. गर्भरोपण (तयार भ्रूण गर्भाशयात सोडणं) दिसायला सोपं, पण तिथला हलगर्जीपणा दिसून येत नाही आणि गर्भधारणेचा आकडा मात्र खाली येतो. रुग्णाचं मूत्राशय भरलेलं ठेवा, म्हणजे पुढे झुकलेलं गर्भाशय सरळ येतं आणि पोटावरच्या सोनोग्राफीत स्पष्ट दिसतं. गर्भाशयमुखावरचा चिकट स्राव पुसून घ्या, नाहीतर भ्रूण त्याला चिकटून कॅथेटरबरोबर परत येतो. बाहेरची नळी आतल्या तोंडाशीच थांबवा, मऊ कॅथेटर एकटाच आत जाऊ द्या. टोक गर्भाशयाच्या छतापासून दीड ते दोन सेंटिमीटर अलीकडे ठेवा. छताला टेकलं की गर्भाशय आकुंचन पावतं. फोर्सेप्सने (चिमट्याने) गर्भाशयमुख ओढलं तरी तेच होतं, म्हणून फारच अडल्याशिवाय फोर्सेप्स लावू नका. द्रव २० ते ३० मायक्रोलिटर पुरे. सिरिंजचा दट्ट्या सावकाश दाबा आणि कॅथेटर पूर्ण बाहेर येईपर्यंत तो सोडू नका. सोडलात तर भ्रूण पुन्हा कॅथेटरमध्ये ओढला जातो. शेवटी भ्रूणतज्ज्ञांनी कॅथेटर सूक्ष्मदर्शकाखाली रिकामा असल्याचं सांगेपर्यंत रुग्णाला उठवू नका.

प्रत्येक वेळी चार गोष्टी वहीत लिहा : रोपण सोपं गेलं की अवघड, कॅथेटरवर रक्त होतं का, भ्रूण परत आला का, गर्भ राहिला का. पन्नासेक नोंदी झाल्यावर त्या वरिष्ठांच्या नोंदींशेजारी ठेवा. रक्ताच्या नोंदी तुमच्याकडे जास्त असतील तर सराव अजून बाकी आहे.

प्रश्न : चिपळूणमधले आमचे डॉक्टर फक्त आययूआय करतात. ते कमी शिकलेले समजायचे का? आणि वीर्याचा नमुना घरून आणला तर चालेल का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : तसं नाही. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यानुसार पहिल्या स्तराच्या केंद्राला आययूआयचीच परवानगी असते. नोंदणीचं प्रमाणपत्र मागून बघा, ते दाखवायला कुणी कचरत नाही. नमुना शक्यतो केंद्रातच द्या. घरून आणायचाच झाला तर बाटली अंगालगत धरून तासाभरात पोहोचवा. गुहागर ते चिपळूण एवढ्या वेळात होईलच याची खात्री नाही, म्हणून सकाळीच निघून तिथेच दिलेला बरा.